प्रश्नचिन्हामागचा नट : बोरिस कार्लोफवरच्या माहितीपटाचा प्रकरण अभ्यास

१९३१च्या 'फ्रँकेनस्टाईन'च्या सुरुवातीला नटांची यादी येते. त्यात राक्षसाच्या भूमिकेसमोर नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. सुमारे सत्तर मिनिटांनी चित्रपट संपतो, तीच यादी पुन्हा पडद्यावर येते आणि प्रश्नचिन्हाच्या जागी बोरिस कार्लोफ असं नाव दिसतं. तेही त्याचं खरं नाव नव्हे. २३ नोव्हेंबर १८८७ला लंडनच्या कॅम्बरवेल भागात जन्मलेल्या या माणसाचं नाव विल्यम हेन्री प्रॅट.

त्याच्यावरचा 'बोरिस कार्लोफ : द मॅन बिहाइंड द मॉन्स्टर' हा माहितीपट २०२१ साली आला. दिग्दर्शक थॉमस हॅमिल्टन, लेखन हॅमिल्टन आणि रॉन मॅक्लॉस्की यांचं, लांबी ९९ मिनिटं. कार्लोफ २ फेब्रुवारी १९६९ला गेला. म्हणजे नट जाऊन अर्धशतक उलटल्यावर, त्याच्या ऐन उमेदीच्या काळातलं जवळजवळ कुणीही हयात नसताना हा चरित्रपट उभा राहिला. अशा कामात अडचण कुठे येते आणि कोणता निर्णय कशावर परिणाम करतो, हे पाहायला कार्लोफसारखं दुसरं उदाहरण नाही. त्याची ओळख चेहऱ्यामुळे झाली, पण तो चेहरा त्याचा नव्हता.

सुरुवात कुठून करायची

आधी साधा हिशोब करू. कार्लोफच्या नावावर दीडशेहून अधिक चित्रपट आहेत. प्रत्येकाला अर्धा मिनिट दिला तरी ७५ मिनिटं गेली. उरलेल्या वेळात बालपण, पाच-सहा लग्नं, रंगभूमी, रेडिओ, दूरचित्रवाणी, मुलांसाठीच्या ध्वनिमुद्रिका हे सगळं कोंबायचं म्हटलं, तर हाती फक्त यादी लागते. नटांवरचे बहुतेक माहितीपट इथेच फसतात. आधी जन्मापासून संथ चालतात आणि शेवटची पंचवीस वर्षं दहा मिनिटांत उरकतात.

कार्लोफच्या बाबतीत सालवार सुरुवात करणं विशेष धोक्याचं आहे. तो १९०९ साली कॅनडाला गेला, फिरत्या नाटक मंडळ्यांत काम केलं, ट्रक चालवले, ओझी उचलली आणि हॉलिवूडमध्ये वर्षानुवर्षं लहानसहान भूमिका केल्या. 'फ्रँकेनस्टाईन'चं चित्रीकरण सुरू झालं तेव्हा तो ४३ वर्षांचा होता आणि त्याआधी ऐंशीच्या आसपास चित्रपटांत झळकून गेला होता. त्यातल्या मूकपटांपैकी दाखवायला फार थोडं शिल्लक आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तिथल्या लांब मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. म्हणजे सालवार गेलं तर पहिली वीस मिनिटं स्थिर छायाचित्रं आणि निवेदन यांवरच काढावी लागतात. म्हणून 'फ्रँकेनस्टाईन' आधी आणि लहानपण मागाहून, हाच क्रम या सामग्रीला मानवतो.

रंगभूषेच्या खुर्चीत चार तास

या प्रकरणाचा गाभा इथे आहे आणि कोणत्याही दिग्दर्शकाने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. रंगभूषाकार जॅक पियर्स रोज सुमारे चार तास कार्लोफच्या चेहऱ्यावर काम करत असे. त्याची मुख्य सामग्री कापूस आणि कलोडियन. कलोडियन म्हणजे ईथर व अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं नायट्रोसेल्युलोज. कातडीला लावलं की ईथर उडून जातो आणि मागे पातळ, ताठ पापुद्रा उरतो. वास उग्र, डोळ्यांजवळ लावताना जळजळ ठरलेली. त्यावर कापसाचा थर, पुन्हा कलोडियन, पुन्हा कापूस असं करत पियर्सने ते सपाट माथं आणि पुढे आलेलं कपाळ उभं केलं. हे थर डोक्यावरच रचलेले असल्यामुळे संध्याकाळी काढले की वाया जात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या भागांत रबराचा तयार तुकडा वापरात आला तेव्हा कुठे हा त्रास कमी झाला.

दोन गोष्टी कार्लोफच्या स्वतःच्या आहेत. आरशात पाहताना त्याला आपले डोळे फार जागे, फार समजदार वाटले, म्हणून पापण्यांवर मेणाचा जड थर देण्याची कल्पना त्यानेच मांडली. दुसरी दाताची. त्याच्या जबड्याच्या एका बाजूला काढता-घालता येणारी कवळी होती. ती काढल्यावर गाल आत जात असे, आणि राक्षसाच्या गालावरचा तो खोल काळा खड्डा त्यातून आला. याचा पुरावा पडद्यावरच आहे. १९३५च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाईन'मध्ये राक्षस बोलतो. बोलायचं म्हणजे दात हवेत, त्यामुळे कवळी तोंडातच राहिली आणि चेहरा भरलेला दिसू लागला. राक्षसाला वाचा देण्याला कार्लोफचा विरोध होता. दोन्ही चित्रपटांतलं एकेक जवळचं दृश्य शेजारी ठेवलं की हा फरक प्रेक्षकाला निवेदनाशिवाय कळतो. ज्या माहितीपटात अशी जोडी दिसत नाही त्याने हातातला हुकमी पत्ता टाकून दिला असं म्हणावं लागेल.

चेहऱ्यावरचा रंग हिरवट करडा होता, कारण कृष्णधवल फिल्मवर तो प्रेतासारखा पांढुरका उमटतो. कोटाच्या बाह्या मुद्दाम आखूड, म्हणजे हात लांब वाटावेत. बुटांच्या वजनाबद्दल मात्र सावध राहावं. प्रत्येकी १३ पौंड म्हणजे सुमारे ६ किलो हा आकडा सगळीकडे फिरतो, काही ठिकाणी ११ पौंडही सापडतात. असे आकडे निवेदकाच्या तोंडी ठामपणे घालू नयेत. मुलाखत देणाऱ्याने सांगितलं तर ती आठवण ठरते, निवेदकाने सांगितलं की ते वस्तुस्थिती म्हणून नोंदलं जातं आणि पुढचे दहा लेख तिथून उचलतात. बूट किती जड होते हे चालीतून दिसतंच.

'द ममी' (१९३२)साठी तर बँडेजमधल्या पूर्ण रंगभूषेला आठ तास लागले आणि ती पडद्यावर सुरुवातीच्या काही मिनिटांपुरतीच आहे. त्यानंतर कार्लोफ सबंध चित्रपटभर सुरकुतलेल्या चेहऱ्याने, झगा आणि फेजची टोपी घालून वावरतो. आठ तासांचा खर्च आणि पडद्यावर मोजकी मिनिटं, हे प्रमाण सांगितलं तर या धंद्याची रीत एका वाक्यात लक्षात येते.

चौकट, आवाज आणि राक्षसाचा प्रवेश

जुने चित्रपट आजच्या पडद्यासाठी कापताना एक चूक हमखास होते. १९३०च्या दशकातल्या चौकटीची रुंदी उंचीच्या १.३७ पट, आजच्या दूरचित्रवाणीची १.७८ पट. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून जुनं दृश्य ताणून मोठं केलं की वरून-खालून मिळून चौकटीचा २३ टक्के, म्हणजे जवळजवळ पाव भाग कापला जातो. कार्लोफच्या जवळच्या दृश्यात वर काय असतं? तेच सपाट माथं, ज्यासाठी पियर्सने चार तास घालवले. या विषयावर काम करताना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. मागे धूसर केलेलं तेच चित्र लावायची पद्धतही टाळावी, नजर तिकडे जाते.

दुसरी गोष्ट संगीताची. 'फ्रँकेनस्टाईन'मध्ये सुरुवातीच्या आणि शेवटच्या श्रेयनामावलीखेरीज पार्श्वसंगीत नाही. गावच्या उत्सवात वाजतं ते त्या दृश्यातलंच. राक्षस पहिल्यांदा येतो तेव्हा फक्त जड पावलं ऐकू येतात. दार उघडतं, तो पाठमोरा आत येतो, सावकाश वळतो, आणि दिग्दर्शक जेम्स व्हेल एकामागोमाग तुकड्यांत कॅमेरा अधिकाधिक जवळ नेतो. सगळी ताकद त्या शांततेत आहे. माहितीपटाच्या संगीतकाराने त्याखाली व्हायोलिनचा थरथरता सूर भरला की १९३१च्या प्रेक्षकाने काय अनुभवलं ते आजच्या प्रेक्षकापासून हिरावलं जातं. हा उतारा संपूर्ण चालू द्यावा, निवेदन आणि मुलाखतीचा आवाज त्यावर चढवू नये. थोड्याशा वेळासाठी ९९ मिनिटांचं नुकसान होत नाही.

तळ्याकाठची मुलगी

कोणती प्रत वापरली हे विचारलंच पाहिजे असा एक प्रसंग आहे. राक्षस तळ्याकाठी लहान मारियाला भेटतो. ती त्याला फुलं देते, दोघं ती पाण्यावर सोडतात, फुलं तरंगतात. त्याच्या हातातली फुलं संपतात. मुलगीही तरंगेल या समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो, आणि ती बुडाल्यावर गोंधळून, घाबरून पळत सुटतो. अमेरिकेतल्या काही राज्यांच्या सेन्सॉरने हे टाकणं कापलं आणि पुढे चित्रपट पुन्हा प्रदर्शित होताना ते सगळीकडूनच गेलं. उरलं ते असं : राक्षस मुलीकडे हात पुढे करतो आणि दृश्य तुटतं. नंतर बाप तिचा मृतदेह हातांवर घेऊन गावातून चालत येतो. मधलं काय ते प्रेक्षकाने ठरवायचं. निरागस चूक कापल्यामुळे ती कल्पनेत कितीतरी घाणेरडी झाली. कापलेला तुकडा सापडून १९८०च्या दशकात तो चित्रपटात परत बसवला गेला.

जवळजवळ पन्नास वर्षं लोकांनी कार्लोफचा अर्धाच अभिनय पाहिला होता. फुलं संपल्यावर रिकाम्या हातांकडे पाहणं, मुलगी वर येत नाही हे लक्षात आल्यावर पाण्यात हात घालून चाचपडणं, यात त्याने राक्षसाला लहान मूल केलं आहे. माहितीपटात कापलेली आणि पूर्ण अशी दोन्ही रूपं लागोपाठ दाखवली तर सेन्सॉरशिपवर वेगळं भाषण लागत नाही. जुन्या दूरचित्रवाणी प्रतीवरून उतारा घेतला तर मात्र चुकीचीच आवृत्ती पुढे जाते. म्हणून प्रत मागवताना पुनर्स्थापित आवृत्ती असं लेखी नमूद करून घ्यावं.

पंचवीस तासांचा दिवस आणि क्रमांक ९

'फ्रँकेनस्टाईन'चं चित्रीकरण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चाललं. दक्षिण कॅलिफोर्नियाचा उन्हाळा, अंगात भरीचा सूट, डोक्यावर कापसाचा डोंगर. एकदा कामाचा दिवस सलग पंचवीस तासांचा झाला. पवनचक्कीच्या प्रसंगासाठी फ्रँकेनस्टाईनची भूमिका करणाऱ्या कॉलिन क्लाइव्हला खांद्यावर घेऊन चढण चढायचं काम त्याला पुन्हा पुन्हा करावं लागलं. पाठीचं दुखणं नंतर जन्मभर सोबतीला राहिलं. त्या वेळी नटांच्या कामाच्या तासांना काही मर्यादाच नव्हती. दोन पाळ्यांमध्ये किती विश्रांती, जेवणाची सुट्टी कधी, हे सगळं स्टुडिओच्या मर्जीवर.

१९३३ साली स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड ही चित्रपट नटांची संघटना स्थापन झाली तेव्हा कार्लोफ त्याच्या संस्थापकांत होता. त्याच्या सदस्यपत्राचा क्रमांक ९. नुकताच नावारूपाला आलेला, स्टुडिओच्या करारात बांधलेला नट युनियनसाठी सहकाऱ्यांकडे गुपचूप अर्ज पोचवतो, यात जोखीम किती होती हे आज पटकन जाणवत नाही. स्टुडिओंनी गिल्डला मान्यता दिली ती १९३७मध्ये. तोवर चार वर्षं हे काम उघड धोक्याचं होतं. भयपटाच्या चाहत्यांना हा भाग रुक्ष वाटेल या भीतीने तो दोन वाक्यांत उरकला जातो आणि ते चूक आहे. रंगभूषेच्या खुर्चीतले चार तास आणि गिल्डचं सदस्यपत्र एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. माहितीपटात ही दोन दृश्यं एकमेकांना लागून आली तर 'राक्षसामागचा माणूस' हे शब्द खरे ठरतात. नाहीतर तो सभ्य होता, मुलांवर प्रेम करायचा, क्रिकेटचा शौकीन होता एवढ्यावरच सगळं थांबतं.

नगर, पुणे, सुरत

मराठी वाचकाला या प्रकरणात थेट धागा सापडतो तो इथे. कार्लोफच्या आईचं नाव एलायझा सारा मिलार्ड. तिचा जन्म १८४८चा, हिंदुस्थानातला. १८६४मध्ये सुरतेत तिचं लग्न एडवर्ड जॉन प्रॅटशी झालं. प्रॅट इथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होता. एलायझाची आई एलायझा ज्युलिया एडवर्ड्स, आणि या आईची सख्खी बहीण म्हणजे ॲना लिओनोवेन्स. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजवाड्यात शिक्षिका म्हणून गेलेली आणि पुढे जिच्यावर कादंबरी, संगीतिका आणि चित्रपट निघाले, तीच ही.

ॲनाने आपला जन्म वेल्समध्ये झाल्याचं आयुष्यभर सांगितलं. प्रत्यक्षात ती १८३१ साली अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला जन्मली, आणि १८४९च्या नाताळात पुण्यात थॉमस लिओन ओवेन्सशी तिचं लग्न झालं. नवऱ्याच्या नावातले दोन शब्द जोडून लिओनोवेन्स हे नाव बनलं. तिची आई मिश्र वंशाची असावी असं संशोधकांनी दाखवून दिलं आहे. कंपनीच्या फौजेतल्या सार्जंटच्या घरी, मुंबई इलाख्याच्या छावणीत जन्मलेल्या मुलीला इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेत आणि वसाहतीच्या वर्णव्यवस्थेत वर चढायचं असेल, तर जन्मगाव बदलणं हा एक मार्ग होता. तिने तो घेतला.

तिच्या बहिणीच्या नातवाने तेच केलं. विल्यम प्रॅटने बोरिस कार्लोफ हे नाव घेतलं आणि आईकडच्या घराण्यात कार्लोफ नावाचे रशियन पूर्वज होते असं तो सांगत असे. कुटुंबात असं कुणी सापडत नाही हे पुढे त्याच्या मुलीनेच सांगितलं. त्याचा सावळा वर्ण हॉलिवूडने अरब, मेक्सिकन, हिंदुस्थानी, मूळ अमेरिकन अशा भूमिकांसाठी वापरला. ज्या वंशामुळे इंग्लंडमध्ये त्याला उपरं वाटलं असेल, त्याच रंगावर स्टुडिओने त्याला 'परक्या' खलनायकांची कामं दिली.

या भागात चूक होते ती घाईची. दोन पिढ्या, तीन गावं, चार नावं, आणि त्यातली दोन एलायझा. निवेदनात नुसतं बोलून हे कळत नाही. आधी नकाशा हवा. त्यावर नगर, पुणे आणि सुरत दाखवून प्रत्येक गावापाशी एकच घटना ठेवावी. मग वंशावळ, तीही फक्त पाच नावांची. चर्चच्या जन्म-लग्नाच्या नोंदी आणि फौजेच्या नोंदी, ज्या लंडनमध्ये ब्रिटिश ग्रंथालयाच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत, त्यांची पानं पडद्यावर आली तर पाहणाऱ्याचा विश्वास बसतो. पुराव्याविना सांगितलं तर हीदेखील रशियन पूर्वजांसारखीच एक दंतकथा वाटते. आणखी एक जोड सुचवण्यासारखी आहे. कार्लोफने रडयार्ड किपलिंगच्या मुलांसाठीच्या गोष्टी ध्वनिमुद्रिकेवर वाचल्या आहेत. १८६५मध्ये मुंबईत जन्मलेल्या लेखकाच्या गोष्टी, सुरतेत संसार मांडलेल्या आईचा मुलगा वाचतो आहे, हे माहीत असताना तो आवाज वेगळा लागतो.

साक्षीदार आणि हक्क

२०२१च्या माहितीपटात बोलणारे दोन जातींचे आहेत. गिलेर्मो देल तोरो, जॉन लँडिस यांच्यासारखे दिग्दर्शक कार्लोफला पडद्यावर पाहून मोठे झाले. रॉजर कॉर्मन, पीटर बोगदानोविच, क्रिस्टोफर प्लमर यांनी त्याच्यासोबत काम केलं होतं. मुलगी सारा कार्लोफ घरातली. १९३८ साली बापाच्या ५१व्या वाढदिवशीच ती जन्मली, 'सन ऑफ फ्रँकेनस्टाईन'चं काम चालू असताना. चाहत्या दिग्दर्शकाचं बोलणं रंगतदार असतं आणि संकलकाला ते सोडवत नाही, पण साक्षीदाराचं बोलणं आधी ठेवावं आणि चाहत्याचं नंतर. उलट झालं की साक्ष ही स्तुतीची पुरवणी वाटते. प्लमर २०२१च्या फेब्रुवारीत गेले, बोगदानोविच २०२२च्या जानेवारीत, कॉर्मन २०२४मध्ये. या मुलाखती वेळेत झाल्या नसत्या तर आज त्या घेणं शक्य नव्हतं. जुन्या नटावर काम करणाऱ्याने पटकथेची, पैशाची वाट न पाहता सगळ्यात वयस्कर माणसाकडे कॅमेरा घेऊन आधी जावं. पटकथा नंतरही लिहिता येते.

पियर्सची साक्ष मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. १९५७च्या 'धिस इज युवर लाइफ' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात कार्लोफसमोर अचानक जॅक पियर्सला आणलं गेलं. तोवर स्टुडिओने पियर्सला कामावरून काढून दहा वर्षं झाली होती. कार्लोफला खरंच गहिवरून आलेलं दिसतं. त्याहून मोलाची आहे 'सन ऑफ फ्रँकेनस्टाईन'च्या सेटवरची घरगुती रंगीत फिल्म. त्यात संपूर्ण वेषातला कार्लोफ जीभ बाहेर काढून दाखवतो, पियर्सचा गळा धरायचं सोंग करतो, आणि तो हिरवट चेहरा रंगात दिसतो. कृष्णधवल चित्रपटासाठी केलेल्या त्या रंगाबद्दल निवेदकाने कितीही सांगितलं तरी या काही सेकंदांइतकं ते पोचत नाही.

हक्कांच्या बाबतीत तीन गोष्टी वेगवेगळ्या धराव्या लागतात : चित्रपटाचा उतारा, राक्षसाच्या चेहऱ्याची रचना आणि नटाचं स्वतःचं रूप. मेरी शेलीची १८१८ची कादंबरी सगळ्यांची आहे, पण सपाट माथं आणि मानेतले खिळे कादंबरीत नाहीत, ते चित्रपट काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओचे. अमेरिकेत त्या काळातल्या चित्रपटाला ९५ वर्षं संरक्षण आहे, म्हणून १९३१चा 'फ्रँकेनस्टाईन' तिथे १ जानेवारी २०२७ला खुला होतो. नाव-रूपाचा वाद 'ड्रॅक्युला'चा नट बेला लुगोसी याच्या वारसांनी न्यायालयात नेला होता. १९७९मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले, आणि पुढे त्या राज्यात वारसांना हा हक्क देणारा कायदा १९८५पासून लागू झाला. सारा कार्लोफ, धाकटा लुगोसी आणि लॉन चेनीचा पणतू यांनी पाठपुरावा केल्यावर १९९७ साली अमेरिकन टपाल खात्याने भयपटांच्या नटांची तिकिटं काढली. वारसांशी सुरुवातीलाच बोलणी झाली तर पुढे घरगुती फिल्म, पत्रं, छायाचित्रं यांची दारं उघडतात. शेवटी गेलं तर फक्त वकिलाचं पत्र येतं. पैसा कमी असेल तर १९६३चा 'द टेरर' उपयोगी पडतो, तो अमेरिकेत कॉपीराइटखाली नाही.

शेवटचं मोठं काम

'द टेरर'चेच तुकडे १९६८च्या 'टार्गेट्स'मध्ये आहेत. कार्लोफने निर्माता कॉर्मनला दोन दिवसांचं काम देणं बाकी होतं. कॉर्मनने ते दिवस आणि जुनं चित्रीकरण तरुण बोगदानोविचला दिलं, आणि त्याने त्यातून निवृत्तीला आलेल्या भयपट नटाची गोष्ट रचली. कार्लोफ ऐंशीच्या घरात होता, फुप्फुसांचा विकार, पायांना आधाराच्या पट्ट्या. ठरल्यापेक्षा जास्त दिवस तो थांबला. चित्रपटात तो बगदादच्या बाजारात मृत्यूला पाहून समर्राला पळालेल्या नोकराची जुनी कथा सांगतो. कापूस नाही, मेण नाही, कलोडियन नाही. एकच अखंड दृश्य आहे आणि कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याकडे सरकतो. संकलन करताना बोगदानोविचच्या मुलाखतीचा आवाज इथे घालण्याचा मोह होईल. तो कथा संपल्यानंतर आणावा. त्याआधी राक्षसाच्या प्रवेशाचं १९३१चं जवळचं दृश्य पुन्हा दाखवू नये, प्रेक्षकाला ते आठवतंच. या दृश्यालाही दोन्ही बाजूंनी कापाकापी नको, आणि म्हाताऱ्याचा शेवटचा शब्द संपल्यावर येणारी शांतता जितकी मूळ प्रतीत आहे तितकीच ठेवावी.